नमुना कुठून घेतला?

मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स आहे. सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोन प्रकारच्या माणसांनी माझ्या डोक्याला ताप दिलाय. एक, ज्यांना स्वतःच्या तब्येतीतलं काहीच कळत नाही. दुसरे, ज्यांना सगळंच कळतं. पहिल्यांना समजावता तरी येतं. दुसऱ्यांपुढे मी हात टेकते, पण टेकण्याआधी भांडून घेते.

सोमवारी सकाळी आमच्या सर्जनबाईंनी एक रिपोर्ट माझ्यासमोर आपटला.

"बघा. लघवीत तीन प्रकारचे जंतू. लॅबने शेरा मारलाय, नमुना दूषित असावा, पुन्हा पाठवा. नळी घातलेला पेशंट आहे, घरी आहे. शुक्रवारी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन. बुधवारी स्वच्छ रिपोर्ट माझ्या हातात नसेल तर मी त्यांना टेबलावर घेणार नाही."

"मग पुढच्या आठवड्यात घ्या," मी म्हटलं.

"शनिवारपासून मी रजेवर. दोन महिने. तोवर त्यांना ती लघवीची पिशवी घेऊन बसावं लागेल. तुम्ही स्वतः जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नका."

बाईंनी असं म्हटलं की मला बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. मी बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा घेतला, खांद्याला बॅग अडकवली आणि निघाले.

इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर चौथ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हातात ओलं फडकं. मी आत पाय ठेवते न ठेवते तोच खिडकीजवळच्या घडीच्या खाटेवरून आवाज आला.

"नमुना कोण घेणार? तुम्ही? अनुभव किती?"

"तुम्ही मला नोकरीवर ठेवणार असाल तर सांगते," मी म्हटलं.

काकू फडक्यात तोंड लपवून हसल्या. काका हसले नाहीत. उंच, वाळलेले, दाढी गुळगुळीत, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. लुंगीच्या कडेतून नळी बाहेर आलेली आणि खाटेच्या आडव्या दांड्याला आकड्याने पिशवी टांगलेली. कंबरेपेक्षा खाली, पण जमिनीला न टेकलेली. मी मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. इतकी नीट टांगलेली पिशवी मला हॉस्पिटलातसुद्धा क्वचित दिसते. उशाशी स्टुलावर एक वही होती. तिच्यात दर तासाला पिशवीत किती भर पडली त्याची नोंद, सुवाच्य अक्षरात.

"हे पाणीखात्यात होते," काकूंनी खुलासा केला. "पस्तीस वर्षं नळांचे नमुने घेत फिरले. पाण्यात जंतू आहेत की नाहीत ते बघायचं काम. घरात अजून ग्लास उजेडात धरून बघतात."

"आणि पस्तीस वर्षांत," काका म्हणाले, "माझा एकही नमुना परत आलेला नाही. एकही. आता या वयात आला. तुमच्या लॅबमध्ये काहीतरी घोळ आहे."

म्हणजे दुसऱ्या प्रकारातले. मी खुर्ची ओढली.

"पहिला नमुना कोणी घेतला?"

"मी. घ्या लिहून." काकांनी घसा साफ केला आणि साक्ष द्यावी तसं सुरू केलं. "कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. बाटली सीलबंद होती, सील मी फोडलं. पिशवीच्या तळाशी जो नळ आहे तो स्पिरिटने पुसला. दोनदा. सुकू दिला. पहिली धार वाया घालवली, मधली धार बाटलीत घेतली. बाटलीच्या तोंडाला बोट लागू दिलं नाही. झाकण, नाव, तारीख, वेळ, सही. अर्ध्या तासात शेजाऱ्यांच्या हाती लॅबमध्ये. काढा चूक."

खरं सांगते, मी बघतच राहिले. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरींपैकी निम्म्यांना एवढं सांगून जमत नाही.

"सगळं बरोबर आहे," मी म्हटलं. "फक्त जागा चुकली."

"नळातून नाही घ्यायचं तर कुठून घ्यायचं?"

"काका, त्या पिशवीत लघवी किती वेळ साठली होती?"

"सकाळपासून."

"खोलीच्या उबेत. पिशवीत एखादा जंतू शिरला की दुपारपर्यंत त्याचं मोठं कुटुंब होतं. त्या नमुन्यावरून पिशवीत काय वाढलंय ते कळतं, तुमच्या पोटात काय आहे ते नाही. तुमच्या खात्यातल्या एखाद्याने गच्चीवरच्या टाकीच्या तळातून बाटली भरून आणली असती आणि म्हणाला असता की हे मुख्य लाइनचं पाणी, तर तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी नळीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"फेकून दिली असती," ते हळूच म्हणाले. "आणि त्याला घरी पाठवलं असतं."

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. माझी जीभ जरा जास्तच चालते हे मला माहीत आहे, पण ते नेहमी बोलून झाल्यावर कळतं.

"मग काय लाइनचा जोड उघडायचा होता?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "चालू लाइनचा जोड मी उघडत नसतो."

"उघडला नाहीत हे फार चांगलं केलंत. तिथून जंतूंना थेट आत रस्ता मिळतो. हे बघा, त्यासाठी ही जागा केलेली असते." मी नळीवरचं छोटं रबरी बूच दाखवलं. कॅथेटर, म्हणजे आत घातलेली नळी, आणि पिशवीची नळी जिथे जोडलेली असते त्याच्या जरासं खाली.

"हे? मला वाटलं बनवताना राहून गेलेली गाठ आहे."

आता काकांचे डोळे चमकले. त्यांना चष्मा हवा झाला. काकूंनी चष्मा दिला, मग काकांना उजेड हवा झाला, काकूंनी पडदा सारला. मी कागद बघून घेतले. नळी घालून नऊच दिवस झाले होते, अँटिबायोटिक सुरू नव्हतं. नळी जुनी असती तर आधी ती बदलावी लागली असती आणि मग नव्या नळीतून नमुना. ती वेळ आली नव्हती.

मी हात धुतले, बॅगेतून प्लास्टिकचा चिमटा काढला आणि बुचाच्या खाली नळीला लावला.

"आता खाली पिशवीत काही जाणार नाही. वर ताजी लघवी साठेल. पंधरा मिनिटं. जास्त नाही."

"व्हॉल्व्ह बंद," काका म्हणाले आणि वहीत वेळ लिहिली.

पंधरा मिनिटं गप्प बसणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी काकांना ग्लासभर पाणी दिलं, मला चहा दिला आणि स्वतः वेताच्या मोढ्यावर बसून तक्रारींचा पाढा वाचायला घेतला.

"सिस्टर, यांना सांगा तुम्ही. चव्वेचाळीस वर्षं आम्ही त्या आतल्या पलंगावर झोपतो. पिशवी लागल्यापासून हे बाहेर, या खाटेवर. म्हणे नळी ओढली जाईल, म्हणे वास येईल. वास कसला? मला तर नाही येत."

"अगं, काय हे," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"बाहेर पण पडत नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं पुलापर्यंत जायचो. आता मी एकटी जाते आणि अर्ध्या वाटेवरून परत येते."

मी काकांना सांगितलं की पलंगावर झोपायला कोणाची ना नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने बसवायची, पिशवी पलंगाच्या कडेला खाली टांगायची, कडेच्या बाजूला झोपायचं. हजारो लोक झोपतात.

"शुक्रवारी ऑपरेशन होऊ द्या," काका म्हणाले. "मग जाईन आत. माणसासारखा."

"आणि शुक्रवारी नाही झालं तर?" काकूंनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. "दोन महिने, ना?"

मी चहा संपवला. नमुना नीट घेणं माझ्या हातात होतं, त्यात काय निघेल ते नव्हतं. तेवढ्यात काकांनी घड्याळ बघून वेळ झाल्याचं जाहीर केलं.

पुन्हा हात धुतले, हातमोजे घातले. स्पिरिटच्या बोळ्याने बूच घासायला लागले.

"किती वेळ?" काका.

"तीस सेकंद."

ते मोठ्याने मोजू लागले. सतराव्याला मी बोळा जरा हळू फिरवला तर म्हणाले, "दाबून, दाबून." मग सुकू दिलं. सुकतानाही ते मोजत होते, फक्त या वेळी ओठांतल्या ओठांत. नवी सिरिंज फोडली. या बुचाला सुई लागत नाही, सिरिंजच सरळ बसते. दहा मिली ओढली, स्वच्छ, फिकट पिवळी. काका मान पुढे करून बघत होते. बाटलीत सोडली, कडेला न लावता. झाकण घट्ट.

"लेबल," काका म्हणाले. "लेबल आत्ता. नंतर नाही. नंतर लेबल लावणाऱ्यांनीच आमच्या खात्याची इज्जत घालवली."

"लावतेय हो."

"टेबलावर ठेवून लिहा, हातात नको. जागा लिहा. कुठून घेतला ते लिहिलं नाही तर नमुन्याला अर्थ नाही."

त्यांच्या समाधानासाठी मी टेबलाशी गेले, हातमोजे काढले, हात धुतले. नाव, जन्मतारीख, तारीख, वेळ. कॅथेटरच्या बुचातून घेतला, हेही लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि साक्षीदार म्हणून सही करू का विचारलं. मी म्हटलं, करा. त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात अशी झोकात सही केली की बघून काकूंचा ऊर भरून आला. मी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, चपला घातल्या, चार मजले उतरले. मी खुशीत होते. लॅब तीन स्टॉप लांब. अर्ध्या तासात नमुना तिथे असणार होता.

बस स्टॉपवर मी रुमालासाठी खिशात हात घातला.

माझा एक नियम आहे. चिमटा काढला की तो सोबतच्या छोट्या पिशवीत गुंडाळून ॲप्रनच्या उजव्या खिशात टाकायचा, म्हणजे घरी गेल्यावर धुवायचं आठवतं. खिशात रुमाल होता. चिमटा नव्हता.

चिमटा नळीवरच होता. मी तो काढलाच नव्हता. सत्तावीस वर्षांत मी किती पोरींना ओरडले असेन, चिमटा काढल्याशिवाय हातमोजे काढायचे नाहीत म्हणून, आणि आज एका लेबलासाठी मीच उठून टेबलाशी गेले होते. वर लघवी साठत होती, खाली जायला रस्ता नव्हता, आणि काकूंनी मघाशी ग्लासभर पाणी पाजलं होतं.

फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. काकूंना आत्ताच कोणाशी गप्पा मारायच्या होत्या! समोरून माझी बस आली आणि निघून गेली. मी उलट्या दिशेने धावत सुटले. माझ्या वयाला आणि वजनाला धावणं शोभत नाही, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघितलं, बघू देत. डबा छातीशी धरला होता. नमुना थंडगार होता, त्याला काही होणार नव्हतं. काकांचं काय झालं असेल, त्याच विचाराने मी चार मजले चढले.

दार उघडंच होतं. काका खाटेवर ताठ बसलेले, कपाळावर घाम, दोन्ही हातांनी गुडघे आवळलेले. काकू कानाला फोन लावून उभ्या.

"तुमचा फोन लागतच नाही!" काकू ओरडल्या.

"तुमचाच लागत नाहीये!"

आम्ही दोघी एकमेकींना फोन लावत बसलो होतो.

बोलायला वेळ नव्हता. हात धुतले, नवे हातमोजे, चिमटा सोडला. नळीतून धार सुटली आणि पिशवी भरभर भरू लागली. काकांनी डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. मी त्यांच्या पोटावर हात ठेवून बघितलं, पोट मऊ पडत होतं. नाडी बघितली. ठीक. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच मोढ्यावर बसले.

"काका, दुखत होतं तर चिमटा तुम्हीच का नाही काढलात? साधा चिमटा आहे!"

"दुसऱ्या विभागाने बंद केलेला व्हॉल्व्ह," काका डोळे न उघडता म्हणाले, "लेखी परवानगीशिवाय आपण उघडत नसतो. वहीत बघा. चिमटा लावल्यापासून भर शून्य. मी लगेच फोन लावायला सांगितला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आधी रडू आलं, हे लिहायला मला लाज नाही.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्हाला टाकीच्या तळावरून एवढं बोलले आणि स्वतः हे करून ठेवलं. मी माझ्या नोंदीत लिहिणार आहे. चिमटा पंचेचाळीस मिनिटं बंद राहिला, पेशंटला त्रास झाला. सर्जनबाईंनाही सांगणार."

"नका लिहू," काका म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

मी लिहिलं, त्यांच्यासमोर. ते बघत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "एकदा मीही बंद केला होता व्हॉल्व्ह. नमुन्यासाठी. उघडायचा विसरलो. अख्ख्या पूर्व भागाला दुपारपर्यंत पाणी नाही. ठपका आला फिटरवर. त्याची बढती गेली. मी गप्प बसलो."

काकूंनी फोन टेबलावर ठेवला.

"बावीस वर्षं झाली त्याला," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. "तुला कसं माहीत?"

"फिटरच्या बायकोने त्याच आठवड्यात सांगितलं. तिच्या नवऱ्याला कळलं होतं कोणाचं काम ते."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते. मला वाटलं, महिनाभर लागेल."

मला उठून जायला हवं होतं, पण पाय उचलेना. काका काकूंकडे असे बघत होते जसं काही त्यांच्याच घरात त्यांना आज नवीन खोली सापडली. मग ते म्हणाले, "त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. दर वर्षी बोलते मी तिच्याशी."

मी डबा उचलला. या वेळी जाताना चिमटा खिशात आहे की नाही ते तीनदा बघितलं. काकांनीही विचारलं.

सर्जनबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला पाच मिनिटं झाडलं, ते योग्यच होतं, आणि मग पेशंट कसा आहे ते विचारलं. पुढचे दोन दिवस मी कामं करत होते, पण लक्ष लॅबकडे. मंगळवारी दोनदा फोन केला. तिथला मुख्य तंत्रज्ञ म्हणाला, "सिस्टर, जंतूंना वाढायला वेळ लागतो. तुमच्या फोनने ते घाबरत नाहीत."

बुधवारी दुपारी त्यानेच फोन केला. मी भर रस्त्यात उभी राहून ऐकलं आणि लगेच काकूंना लावला. या वेळी पहिल्या झटक्यात लागला. त्यांनी हॅलोही म्हटलं नाही, सरळ काकांच्या हातात दिला.

"किती प्रकारचे?" काकांनी विचारलं. आवाज अगदी सरकारी होता.

"एकही नाही. काहीच वाढलं नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी."

काका म्हणाले, "नमुना व्यवस्थित घेतला होता." आणि फोन ठेवायच्या आधी त्यांचा काकूंना मारलेली हाक माझ्या कानठळ्या बसवून गेली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी नळी निघाली, काकांना नीट लघवी झाली, आणि त्यांनी म्हणे वॉर्डातल्या सगळ्यांना किती मिली ते सांगितलं. त्याच संध्याकाळी ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासायला गेले. काका आंघोळीला गेले होते, दार काकूंनी उघडलं. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं, चेहरा थकलेला.

"काय झालं? ताप आला का त्यांना? रात्री काही त्रास?"

"त्रास त्यांना कसला? आतल्या पलंगावर गाढ झोपले," काकू म्हणाल्या. "घोरत होते. इतके घोरतात सिस्टर, काय सांगू. चव्वेचाळीस वर्षं ढकलून ढकलून कुशीवर वळवत आले मी."

"मग काल का नाही वळवलंत?"

काकू पदराने डोळे पुसत हसल्या.

"काल नाही वळवलं. रात्रभर ऐकत पडले होते."